पावसांतील प्रवास आणि पायांतील बूट

मोटारसायकलवरून दूरच्या प्रवासास निघणारा मनुष्य शिरस्त्राणाची चौकशी हौसेनें करतो, रेनकोटावरही पैसे खर्च करतो. पायांत मात्र घरीं असतील तेच जोडे चढवितो. मींही तसेंच केलें होतें. श्रावणांत पुण्याहून मुळशीवरून ताम्हिणी घाटानें माणगांवास उतरत असतां माझ्या कापडी जोड्याची सुटलेली नाडी गिअरच्या दांड्यांत अडकली. एका वळणावर म्हशी आडव्या आल्या, गाडी थांबविली आणि डावा पाय टेकूं गेलों, तों तो निघेना. गाडीसह मी रस्त्यावर आडवा! वेग नव्हता म्हणून गुडघा फुटण्यावरच निभावलें. मागून एखादी एस. टी. येत असती, तर आजचें भाषण दुसऱ्या कोणास करावें लागलें असतें.

तेव्हां बूट घेतांना प्रथम पाहावें तें हें कीं, नाडी उघडी लोंबत नाहीं ना. चेन, तिच्यावर झांपण, आणि घोट्याच्या बराच वर येणारी उंची असा बूट उत्तम. घोट्याच्या दोन्ही अंगांस कठीण कवच हवें. बूट हातांत घेऊन तळवा दोन्ही कडांनीं आडवा दाबून पाहावा. तो सहज चेपत असेल, तर गाडीखालीं सांपडलेल्या पायास त्याचा उपयोग नाहीं. युरोपांत या बुटांसाठीं ‘ईएन 13634’ हें प्रमाण आहे. उंची, घर्षण, काप आणि आडवा दाब यांची परीक्षा त्यांत होते. जलरोधकतेची कसोटी मात्र ऐच्छिक आहे. म्हणून केवळ तो शिक्का पाहून बूट पाण्यास दाद देणार नाहीं असें समजूं नये.

शेतांत वापरतात तो रबरी गमबूट पाणी आंत घेत नाहीं, पण घामही बाहेर सोडीत नाहीं, आणि घोट्यास त्याचा आधार नाहींच. चांगल्या प्रवासी बुटांत अस्तरामागें एक पातळ पापुद्रा असतो. 1969 सालीं रॉबर्ट गोअर यांनीं टेफ्लॉनच्या जातीचें तापविलेलें द्रव्य झटक्यानें ताणलें, तेव्हां त्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रें निर्माण झालीं. त्यांतून पाण्याचा थेंब जात नाहीं, वाफ जाते. परंतु वाफ बाहेर पडते ती बाहेरच्या हवेंत कमी बाष्प असेल तरच. कोंकणांत ऐन पावसाळ्यांत बाहेरचीच हवा बाष्पानें भरलेली! तेथें पापुद्रा पाऊस अडवील. घाम घालवील असा भरंवसा धरूं नये. सुती मोजा घाम धरून ठेवतो. पातळ लोकरीचा मोजा बरा.

शिवाय बूट भिजतो तो पुष्कळदां चामड्यांतून नव्हे, वरून. पावसाळी विजार बुटांत खोंचली, कीं अंगावरचें सारें पाणी पन्हळींतून यावें तसें आंत उतरतें. विजार बुटावरूनच घ्यावी.

खरेदीस संध्याकाळीं जावें, कारण दिवसभरानें पाय थोडे सुजलेले असतात. प्रवासाचा मोजा घालूनच माप पाहावें, आणि शक्य तर गाडीवर बसून बुटाचें नाक गिअरच्या दांड्याखालीं शिरतें कीं नाहीं याची खात्री करावी. जाड नाकाचे बूट येथेंच नापास होतात. नवा बूट आठवडाभर गांवांत वापरून मगच घाटांत न्यावा.

भिजलेला बूट चुलीपाशीं ठेवूं नये. चामडें तडकतें, चिकटविलेला तळ सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो सावलींत, वाऱ्यावर ठेवावा आणि बोळे ओले झाले कीं बदलावे. वाटेवरच्या खाणावळवाल्यापाशीं जुनीं वर्तमानपत्रें बहुधा असतात. निजण्यापूर्वीं मागून घ्यावीं.