खोक्यातल्या हवेचं भाडं

गाडीचा कायापालट : लेखांक ६

बॉडी किटमध्ये काय काय येतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं : पुढचा-मागचा बंपर, साइड स्कर्ट, ग्रिल, दिवे, स्पॉयलर. हे भाग परदेशातून मागवायचे तर कुठून मागवावेत आणि वडोदऱ्यात, मांडवीच्या आपल्या वस्तीत येईपर्यंत ते केवढ्याला पडतात, हा आजचा विषय. विक्रेत्याच्या यादीतला डॉलरचा आकडा रुपयांत करून पाहिला की भाव परवडेलसा वाटतो. फसगत होते ती इथेच, कारण तो फक्त वस्तूचा भाव असतो. ती दारात येईपर्यंत त्यावर काय काय चढतं, ते ऑर्डर देण्याआधी कागदावर मांडायला हवं.

उदाहरणाला आपल्या शेजारचीच गाडी घेऊ. वडोदऱ्याहून चाळीसेक किलोमीटरवर हालोल आहे. जनरल मोटर्सच्या तिथल्या कारखान्यातून १९९६ साली ओपेल अ‍ॅस्ट्रा बाहेर पडली आणि २००९ पासून शेव्हरोले क्रूझ रस्त्यावर आली. २०१७ मध्ये हा कारखाना बंद झाला. त्याच वर्षाअखेर कंपनीने भारतातली विक्रीही थांबवली आणि हालोलची जागा पुढे एमजीकडे गेली. कंपनी गेली, गाड्या मात्र राहिल्या. आज कुणाला क्रूझचा चेहरा बदलायचा असेल, किंवा फुटलेल्या बंपरच्या जागी नवा हवा असेल, तर नजर आपोआप परदेशाकडे वळते.

तिथे ही गाडी वेगवेगळ्या नावांनी सापडते. पहिल्या पिढीची क्रूझ कोरियात देवू लासेटी प्रीमियर या नावाने आली, ऑस्ट्रेलियात होल्डन क्रूझ या नावाने. सांगाडा एकच असल्यामुळे या तिन्ही नावांनी शोध घेतला की पर्याय वाढतात. पण सांगाडा एक म्हणून प्रत्येक भाग जसाच्या तसा बसेल, असं समजू नये. हॅचबॅकचा मागचा बंपर सेडानला बसत नाही. फेसलिफ्टनंतरचं ग्रिल आधीच्या बंपरवर जुळत नाही. अमेरिकी बंपरवर नंबर प्लेटची जागा तिथल्या आखूड पाटीच्या मापाची असते आणि आपली लांब पाटी ५०० बाय १२० मिलिमीटरची.

सर्वांत जपायचं ते दिव्यांच्या बाबतीत. कोरिया आणि अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून तिथल्या हेडलाइटचा झोत उजव्या कडेला उचललेला असतो. तो दिवा आपल्याकडे लावला, तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत थेट प्रकाश जातो. रात्री हालोलच्या रस्त्यावर हा प्रकार जीवघेणा ठरेल. त्यामुळे बंपर कोरियातून आणला तरी चालेल. हेडलाइट मात्र ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, थायलंड अशा डावीकडून वाहनं चालणाऱ्या देशातलाच घ्यावा.

विक्रेत्याकडून समोरच्या देखण्या फोटोऐवजी मागच्या बाजूचा फोटो मागवा. बंपर उलटा केला की आतल्या बाजूला साच्यातच उठवलेली अक्षरं दिसतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. बहुतेक मूळ बंपर याच जातीचे. ते लवचिक असतात, धक्का बसला तर वाकून परत येतात. रंगाआधी मात्र त्यांना खास प्रायमर लागतो, नाहीतर रंगाची सालं निघतात. एबीएसवर रंग छान बसतो, पण ते पीपीपेक्षा लवकर तडकतं. एफआरपी म्हणजे काचतंतू आणि रेझिन. ते कडक असतं, फुटलं तर दुरुस्त होतं, पण क्वचितच पहिल्या फटक्यात बसतं. मागच्याच फोटोत क्लिपा आणि ब्रॅकेट अडकवायचे कान शाबूत आहेत का, तेही दिसतं. वापरलेल्या बंपरचा एक कान तुटलेला असला, तरी फिटिंगला तो रडवतो.

आता भावाकडे येऊ. बंपर वजनाला सहा-सात किलो. पण विमानाने माल पाठवताना कुरिअर कंपनी प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांपैकी जे जास्त त्यावर भाडं लावते. आकारमानाचं वजन काढायची रीत सोपी आहे : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० ने भागायची. बंपरचं खोकं १८० बाय ५० बाय ४० असेल, तर ३,६०,००० भागिले ५००० म्हणजे ७२ किलो. वस्तू सात किलोची, भाडं बहात्तर किलोचं. उरलेल्या पासष्ट किलोंचे पैसे खोक्यातल्या हवेसाठी मोजायचे.

समजा, बंपर २०,००० रुपयांचा आहे आणि भाडं किलोमागे ४५० रुपये. भाडंच ३२,४०० झालं. पुढे सीमाशुल्क. ते नुसत्या वस्तूवर लागत नाही; वस्तू, विमा आणि भाडं मिळून होणाऱ्या मूल्यावर लागतं. मात्र माल विमानाने आला, तर मूल्यात भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात. म्हणजे २०,००० अधिक ४,००० अधिक विम्याचे २२५, एकूण २४,२२५ रुपये. वाहनांचे सुटे भाग ८७०८ या शीर्षकाखाली येतात. त्यावर १५ टक्के मूळ शुल्क म्हणजे ३,६३४ रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ३६३. या सगळ्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी, ५,०८०. (२२ सप्टेंबर २०२५ पूर्वी हाच जीएसटी २८ टक्के होता.) शुल्क आणि करांचे मिळून ९,०७७. आता वस्तू, भाडं, विमा आणि कर एकत्र करा : सुमारे ६१,७०० रुपये. वीस हजारांचा बंपर तिपटीने पडला, आणि त्यात एजंटाची हाताळणी, रंग, फिटिंग काहीच धरलेलं नाही. याच हिशेबात करांपेक्षा भाडं साडेतीन पट आहे. लोक शिव्या सरकारला देतात. खिसा रिकामा करतं ते खोकं.

हा हिशेब नेहमीच्या व्यापारी आयातीचा. स्वतःच्या वापरासाठी पार्सलने मागवलेला माल ९८०४ या वेगळ्या शीर्षकाखाली जातो; त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत आला आहे, तेव्हा ऑर्डरच्या दिवशी चालू दर बघूनच गणित करावं. अशा वैयक्तिक आयातीला आयात-निर्यात कोड लागत नाही, पण कुरिअर कंपनी ओळखीची कागदपत्रं मागते.

काही विक्रेते आपणहून सांगतात, ‘बिलावर कमी किंमत लिहू, नाहीतर गिफ्ट म्हणून पाठवू.’ त्याला हो म्हणू नका. भेटवस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्येच काढून घेतली. राखीसारखे मोजके अपवाद तेवढे राहिले. किंमत चुकीची दाखवली तर सीमाशुल्क अधिकारी ती नाकारून स्वतः मूल्य ठरवतात, माल जप्त होऊ शकतो, वर दंड. आणि वाटेत खोकं हरवलं, तर भरपाई मिळेल ती बिलावरच्या खोट्या किमतीइतकीच.

मोठे भाग आणायचेच असतील, तर समुद्रमार्ग बरा. तिथे भाडं घनमीटरवर असतं आणि वरचं खोकं अवघं ०.३६ घनमीटर भरतं. पण बंदरावरचे खर्च आणि क्लिअरिंग एजंटाची फी एका नगाला जवळपास तेवढीच पडते, जेवढी एका पेटीला. म्हणून एकट्याने एक बंपर मागवण्यात अर्थ नाही. एकाच मॉडेलच्या तीन-चार मालकांनी मिळून बंपरमध्ये बंपर बसवून एक लाकडी पेटी भरावी आणि न्हावा शेवा किंवा मुंद्र्याला उतरवावी. वेळ आठवड्यांत मोजावा लागतो, एवढी तयारी ठेवा. पत्ता देतानाही विचार करा : सहा फुटी खोकं मांडवीच्या आसपासच्या पोळांत शिरत नाही. ते थेट गॅरेजवरच उतरवून घ्यावं.

मग परदेशातून आणायचं काय? माझं मत स्पष्ट आहे : जे लहान आहे, अचूक आहे आणि इथे बनत नाही, तेवढंच. ग्रिलचं ९० बाय ३० बाय २० चं खोकं ११ किलोच्या भाड्यात येतं. दिवे, ब्रॅकेट, क्लिपा, चिन्हं हेही तसेच आटोपशीर. लिप, स्कर्ट, स्पॉयलर असे मोठे आणि पोकळ भाग वडोदऱ्यातच करून घ्यावेत. रसायन कारखान्यांसाठी एफआरपीच्या टाक्या आणि पाइप बनवणारे कारागीर मकरपुरा जीआयडीसीच्या परिसरात आहेत. काचतंतू आणि रेझिनवर त्यांचा हात बसलेला आहे. नमुना आणि साचा नीट दिला, तर भाग इथे तयार होतो. बसला नाही तर दुसऱ्या दिवशी घासून दुरुस्त करता येतो. परदेशातून आलेला न बसणारा भाग परत पाठवायचा म्हणजे ७२ किलोंचं भाडं पुन्हा भरायचं. फक्त एक पथ्य : बंपरच्या आतला लोखंडी बीम आणि धक्का शोषणारा फोम काढून किट बसवू देऊ नका. अपघातात पहिला धक्का झेलतात ते हेच दोन भाग.

आणि पहिला रुपया मोजण्याआधी कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लांबी-रुंदी आणि सांगाडा यांना हात लावू नका. बाकी काय चालेल ते आरटीओत आधी विचारा आणि केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवा.

या आठवड्यात एवढं करा : विक्रेत्याकडे खोक्याची तिन्ही मापं आणि भागाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. मापं हाती आल्याशिवाय भाव ठरत नाही, आणि जो विक्रेता ती देत नाही, त्याच्याकडे पैसे पाठवू नका.

(पुढील आठवड्यात : एफआरपी भागाची जुळणी आणि रंगाआधीची चाचणी)