छळणाऱ्या माणसाची ओढ का सुटत नाही?

२३ नोव्हेंबर २०२० रोजी वसई परिसरातील एका तरुणीने तुळींज पोलीस ठाण्यात तक्रार दिली. सोबत राहणारा जोडीदार मारहाण करतो, ठार मारण्याची धमकी देतो, असे तिने लिहिले होते. पुढे भांडण मिटल्याचे सांगून तिने ती मागे घेतली. मे २०२२ मध्ये ती त्याच्यासोबत दिल्लीतील मेहरौली भागात राहायला गेली. त्याच महिन्यात तिचा खून झाला, असे पोलिसांचे आरोपपत्र सांगते. नोव्हेंबरमध्ये जोडीदाराला अटक झाली.

तेव्हा अनेकांनी विचारले, ‘ती आधीच का निघून गेली नाही?’ तिच्या मनात काय होते, हे आपण सांगू शकत नाही. मात्र अशा नात्यातून बाहेर पडणे का अवघड असते, हे मानसशास्त्र सांगते.

१. सुरुवातीचे आकर्षण : कावेबाज व्यक्ती पहिल्या भेटीत क्रूर दिसत नाही. तिचा आत्मविश्वास, भरभरून केलेली स्तुती आणि सततची विचारपूस यांमुळे आपण सुखावतो.

२. आंशिक प्रबलन : बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत कळ दाबल्यावर कधी दाणा मिळे, कधी नाही. दाणे पूर्ण बंद झाल्यावरही असे प्राणी बराच काळ कळ दाबत राहत. नात्यातही मारहाणीनंतर माफी, अश्रू आणि प्रेम मिळाले, तर ‘आता तो बदलेल’ ही आशा तशीच चिवट होते. म्हणजे ओढ छळाची नसते; अधूनमधून मिळणाऱ्या मायेची असते.

३. आघातजन्य बंध : डटन आणि पेंटर या अभ्यासकांनी १९८१ मध्ये मांडले की, एकाच्या हाती सत्ता असेल आणि छळ व जिव्हाळा आलटून-पालटून मिळत असेल, तर दुबळ्या बाजूची भावनिक गुंतवणूक वाढते.

४. एकटेपण : घरच्यांशी अबोला, नवे शहर, भाड्याची खोली. अशा वेळी छळणारा हाच एकमेव आधार वाटू लागतो.

तुमची मैत्रीण किंवा मित्र अशा नात्यात परत गेला, तर ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणून संबंध तोडू नका. त्याने एकटेपण वाढते आणि पकड घट्ट होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण विवाहसदृश नात्यातील स्त्रीलाही मिळते. महिला मदतवाहिनी १८१ आहे. तातडीच्या वेळी ११२ लावा.

विचार करा : ‘ती का निघाली नाही?’ आणि ‘तिला कशाने अडवले?’ या दोन प्रश्नांत दोष कोणावर जातो?