चित्र खिडकीत, रंग जमिनीवर

कॅनडातल्या ग्वेल्फ शहरातल्या टेकडीवर ‘बॅसिलिका ऑफ अवर लेडी इमॅक्युलेट’ हे चुनखडीच्या दगडाचं चर्च आहे. वास्तुविशारद जोसेफ कॉनॉली. पायाभरणी १८७७ सालची, मनोरे पुरे झाले १९२६ मध्ये. भर दुपारी बाहेरून पाहिलं तर अशा चर्चच्या रंगीत खिडक्या काळपट, मुक्या दिसतात. आत पाऊल टाकलं की त्याच काचा पेटल्यासारख्या! बाहेरून आपल्याला दिसतो तो काचेमागचा अंधार, आतून दिसतो काचेतून गाळून आलेला सूर्य.

गाळून हेच खरं. काच उजेडाला रंग देत नाही, उलट त्यातलं बरंच काही काढून घेते. कोबाल्ट मिसळलेली गडद निळी काच लाल-पिवळा उजेड गिळते आणि थोडासा निळा तेवढा सोडते. म्हणून खोली आधी अंधारते. मग डोळा सरावतो, बाहुली मोठी होते आणि चिमूटभर निळाईही भरभरून वाटू लागते. दार सताड उघडून साधा उजेड आत घेतला, की रंग लगेच फिके पडतात.

खरी गंमत जमिनीवर आहे. खिडकीत संत आहेत, पानंफुलं आहेत, काचांचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या काळ्या रेषा आहेत. जमिनीवर त्यातलं काहीच नसतं. असतात नुसते रंगांचे डाग. नक्षी जाते कुठे? कौलारू घरात याचं उत्तर रोज पडतं. फट कशीही असली तरी कवडसा गोल, कारण तो फटीचा नव्हे, सूर्याचा आकार असतो. सूर्य म्हणजे बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे. तिच्यामुळे प्रत्येक कडा दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर पसरते. शिशाची पट्टी जेमतेम सेंटिमीटरभर; दहा मीटरांवर ती पार विरघळते. शेजारचे लाल आणि निळा एकमेकांत शिरतात आणि कोणत्याही काचेत नसलेला जांभळा जमिनीवर उमटतो.

त्यात ग्वेल्फचा हिवाळा. डिसेंबरअखेरीस तिथला सूर्य ऐन दुपारीही क्षितिजापासून फक्त २३ अंश वर असतो. पुण्यात तेव्हा ४८. पाच मीटर उंचीवरच्या दक्षिणेकडच्या खिडकीतून पुण्यात कवडसा साडेचार मीटर आत येईल, ग्वेल्फमध्ये जवळपास बारा. वाटेत बाक, खांब, माणसाचा खांदा, जे येईल ते रंगतं.

लाल डागात हात धरून बघावा. सावली काळी पडत नाही, हिरवट भासते! हातानं लाल उजेड अडवला, पण खोलीतला साधा मंद उजेड तिथे उरलाच. शेजारच्या लालीमुळे डोळा त्यालाच हिरवा ठरवतो. हा हिरवा रंग ना काचेत आहे ना जमिनीवर. तो आपल्या डोळ्यानं आणि मेंदूनं घडवलेला.

मग अशा ठिकाणी जावं कधी? खिडकीतलं चित्र वाचायचं असेल तर ढगाळ दिवशी, तेव्हा उजेड सारखा पसरतो आणि चेहरे नीट ओळखू येतात. चित्र विसरून रंगात उभं राहायचं असेल, तर कडाक्याच्या थंडीतली निरभ्र दुपार गाठावी.