केकवरील भीम कोणाचा?

घरी केक करून विकणे हा मराठी मध्यमवर्गाला आता चांगलाच परिचित झालेला गृहोद्योग आहे. पापड, लोणची, दिवाळीचा फराळ यांच्या मागण्या ज्या घरांतून पुरविल्या जात, त्याच घरांतून आज वाढदिवसाचे केक बाहेर पडतात. बेळगाव असो, इंदूर असो वा मडगाव असो, गिऱ्हाइकाची मागणी बहुधा सारखीच. मुलाला नुसत्या गुलाबांचा केक चालत नाही. त्याला केकवर छोटा भीम हवा असतो, मिकी माऊस हवा असतो, नाही तर स्पायडरमॅन. आई मोबाईलवर चित्र दाखविते, केक करणारी बाई फॉन्डंट मळून त्यातून ती आकृती घडविते, पैसे हाती पडतात आणि मूल आनंदून जाते. या व्यवहारात कोणाचे काही हिरावून घेतले गेले, असे दोघींच्याही मनात येत नाही. कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. ती समजून घेणे दोन कारणांनी अगत्याचे आहे. एक तर या धंद्यावर कित्येक घरांचा हातखर्च, क्वचित सारा प्रपंच चालतो. आणि दुसरे असे की, त्या आकृतीच्या मागेही कोणाचे तरी कष्ट उभे असतात.

भारतात या विषयाचा मूळ कायदा १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. कॉपीराइट, म्हणजेच स्वामित्वहक्क, हा शब्द ऐकला की पुस्तके आणि गाणी डोळ्यांपुढे येतात. परंतु साधे रेखाचित्र हीही या कायद्याच्या मते कलाकृतीच होय, मग तिचा कलात्मक दर्जा काहीही असो. चित्रकाराने चित्र काढले की त्याच क्षणी हक्क जन्मास येतो. त्यासाठी कोठे नोंदणी करावीच लागते असे नाही. या हक्काचा गाभा असा की, चित्राची प्रतिकृती करण्याची मुभा फक्त हक्कदाराला, किंवा त्याने परवानगी दिलेल्याला असते. ही प्रतिकृती कागदावरच असली पाहिजे, असेही नाही. सपाट चित्रावरून उभी मूर्ती घडविणे आणि मूर्तीवरून सपाट चित्र काढणे, या दोन्ही गोष्टी कायद्याने स्पष्ट शब्दांत प्रतिकृतीतच धरल्या आहेत. कापड, लाकूड, माती, साखर असा भेद तो करीत नाही; आणि केक तासाभरात खाऊन संपतो, म्हणून त्याला वेगळी सवलतही देत नाही.

चित्रातून वस्तू घडविण्याचा प्रश्न न्यायालयापुढे फार पूर्वीच आलेला आहे. पालक खाऊन बळ कमावणारा पॉपाय हा खलाशी अमेरिकन चित्रकार ई. सी. सेगार यांनी १९२९ साली वृत्तपत्रातील चित्रमालिकेत आणला. पुढे इंग्लंडमध्ये पॉपायच्या बाहुल्या आणि छातीवर लावावयाच्या पिना विनापरवाना विक्रीस आल्या. त्या थेट सेगार यांच्या चित्रावरून केलेल्या नव्हत्या. चित्रावरून निघालेल्या दुसऱ्या वस्तूंवरून केलेल्या होत्या. तरीसुद्धा, नक्कल आडवळणाने केली तरी ती नक्कलच, असा निर्णय तेथील हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९४१ साली दिला. बाजारातले खेळणे समोर ठेवून फॉन्डंटची आकृती करणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

येथे सहजच एक शंका निघते. भीम तर महाभारतातला. त्याच्यावर कोणाची मालकी कशी असेल? ही शंका अगदी योग्य आहे, आणि कायद्याचे मर्मही तिच्यातच आहे. कल्पनेवर मालकी नसते, ती ज्या विशिष्ट रूपात साकार झाली त्या रूपावर असते, हे तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या नाटकासंबंधीच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. गदाधारी, बलदंड, खादाड भीम हा सर्वांचा आहे. त्याचे चित्र कोणीही काढावे, त्याची मूर्ती कोणीही करावी. परंतु केशरी धोतर नेसलेला, लाडू खाणारा, ढोलकपूरचा तो गोल चेहऱ्याचा मुलगा हे हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या संस्थेने घडविलेले रूप आहे. २००८ सालापासून तो दूरचित्रवाणीवर दिसू लागला. महाभारतातील भीम केकवर आणण्यास कोणाची आडकाठी नाही. ढोलकपूरचा भीम आणावयाचा तर त्याच्या धन्याला विचारले पाहिजे. नाव थोडे बदलून सुटका होते, असेही समजू नये. नागराज या चित्रकथेतील नायकाशी मिळताजुळता नागेश नावाचा नायक दुसऱ्या प्रकाशकाने काढला, तेव्हा दिल्लीच्या उच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात त्यास मनाई केली होती.

मग मुलाच्या हौसेसाठी आईने घरी केलेला केकही गुन्हा ठरतो काय? तसे नाही. खासगी व वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या रास्त वापराला कायद्याने मोकळीक ठेवली आहे. आपल्या मुलासाठी आपल्या घरी केलेल्या केकवर आईने कोणताही नायक उभा करावा. कायदा उंबरठ्याबाहेरच थांबतो. तोच केक विकावयास काढला, त्याची छायाचित्रे गिऱ्हाइके मिळविण्यासाठी मांडली, त्याचा दर जाहीर केला, की कायदा उंबरठा ओलांडून आत येतो. हात तोच, साखर तीच, आकृतीही तीच. परंतु हौसेच्या जागी व्यापार आला की प्रश्नाचे स्वरूप पालटते.

या बाबतीत काही समजुती फार रूढ आहेत. चित्रात शेकडा अमुक इतका बदल केला की ते आपले होते, ही त्यांतली पहिली. कायद्यात असे कोणतेही प्रमाण दिलेले नाही. पाहणाऱ्याला मूळ आकृती ओळखू येते का आणि तिचा महत्त्वाचा भाग उचलला आहे का, हेच पाहिले जाते. चित्र गिऱ्हाइकाने आणले, ही दुसरी सबब. परंतु प्रतिकृती करते ती केक करणारी. जबाबदारीही प्रथम तिचीच. मूळ कर्त्याचे नाव दिले म्हणजे झाले, ही तिसरी समजूत. नाव देणे हे सौजन्य आहे, परवानगी नव्हे. आणि नफा न घेता केवळ साहित्याचा खर्च घेतला, हे म्हणणे शिक्षा सौम्य होण्यास कदाचित उपयोगी पडेल. विक्री झाली ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

स्वामित्वहक्काच्या जोडीला व्यापारचिन्हांचा १९९९ सालचा कायदाही आहे. प्रसिद्ध पात्रांची नावे व आकृत्या व्यापारचिन्हे म्हणूनही नोंदविलेल्या असतात. तेव्हा आकृती जरी वेगळी केली, तरी जाहिरातीत त्या पात्राचे नाव घालून केक विकल्यास दुसऱ्या बाजूने अडचण येऊ शकते.

भंगाचे परिणाम दोन प्रकारचे असतात. दिवाणी दाव्यात मनाई हुकूम मिळतो आणि नुकसानभरपाई किंवा झालेला नफा द्यावा लागतो. हक्क अस्तित्वात आहे हे ठाऊक नव्हते आणि तसे समजण्यास कारणही नव्हते, असे सिद्ध करणाऱ्याला काही सूट मिळते. परंतु जगभर गाजलेल्या पात्राबद्दल असे म्हणणे कोणास पटावे? जाणूनबुजून केलेला भंग हा तर फौजदारी गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरविले.

हे वाचून घाबरण्याचे कारण नाही. तथापि गाफील राहण्याचेही नाही. मालक लहानसहान वापराकडे अनेकदा काणाडोळा करतात, पण काणाडोळा म्हणजे परवाना नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील हॅलंडेल येथे १९८९ साली तीन बालसंगोपनगृहांच्या भिंतींवर डिस्नेची पात्रे रंगविलेली होती. ती पुसून टाकण्यास डिस्ने कंपनीने भाग पाडले. लोकांना हे कठोर वाटले. आणि तेव्हा युनिव्हर्सल स्टुडिओ व हॅना-बार्बेरा या संस्थांनी पुढे येऊन आपली पात्रे त्या भिंतींवर आनंदाने रंगवू दिली. एकाने नाही म्हटले, दुसऱ्याने हो म्हटले. दोघांनाही तो अधिकार होता. स्वामित्वहक्क म्हणजे केवळ अडवणूक नव्हे. हो वा नाही म्हणण्याचा तो अधिकार आहे.

शिवाय हा अधिकार केवळ बड्या कंपन्यांचा असतो असे नव्हे. गोव्याचे मारिओ मिरांडा यांनी रेखाटलेली गावातली, बाजारातली, मद्यशाळेतली माणसे एकट्या माणसाच्या लेखणीतून उतरली. त्यांचे निधन २०११ साली झाले. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, आणि ही वर्षे पुढील वर्षारंभापासून मोजतात. त्यामुळे त्यांच्या चित्रांवरील हक्क २०७१ च्या अखेरपर्यंत राहणार आहे. नाताळच्या केकवर ती माणसे काढावयाची तर आधी परवानगी मागितली पाहिजे.

मुदत संपली की मात्र तीच कलाकृती सर्वांची होते. राजा रविवर्मा १९०६ साली निवर्तले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी काढलेली चित्रे असोत वा त्यांची शकुंतला असो, ती आज साखरेच्या कागदावर छापण्यास कोणाची परवानगी लागत नाही. सेगार १९३८ साली वारले. त्यांच्या स्वतःच्या हातच्या चित्रांची मुदत भारतात केव्हाच संपली. परंतु पुढे दुसऱ्या चित्रकारांनी काढलेल्या पॉपायचा हिशोब वेगळा. मिकी माऊसचीही गोष्ट अशीच आहे. १९२८ सालच्या ‘स्टीमबोट विली’ या चित्रपटातील, हातमोजे नसलेला काळा-पांढरा मिकी अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून मुक्त झाला. नंतरच्या चित्रपटांत घडत गेलेले त्याचे रूप त्याबरोबर मुक्त झाले नाही, आणि व्यापारचिन्ह तर कायमच आहे. प्रत्येक देश आपापल्या कायद्याने मुदत मोजतो, हेही विसरू नये.

मग केक करणाऱ्या गृहिणीने करावे काय? पहिला मार्ग परवानगीचा. मोठ्या कंपन्या घरगुती धंद्याला परवाना सहसा देत नाहीत. पण एखाद्या स्थानिक चित्रकाराला पत्र लिहिल्यास तो माफक मोबदल्यात, प्रसंगी आनंदानेही, होकार देईल. असा होकार लेखी घ्यावा. दुसरा मार्ग, परवान्याने निघालेले अस्सल खेळणे गिऱ्हाइकाकडून आणवून ते साध्या केकवर नुसते ठेवावे. विकत घेतलेली वस्तू मांडणे म्हणजे तिची नक्कल करणे नव्हे. मात्र त्या पात्राच्या नावाने केकची जाहिरात करू नये. तिसरा मार्ग सर्वांत मोकळा: पुराणांतील, लोककथांतील, पंचतंत्रातील विषय घ्यावेत आणि आकृती स्वतःच्या कल्पनेने घडवाव्यात. माकड व मगर, ससा व सिंह, गदा घेतलेला भीम ही सारी सर्वांसाठी खुली आहेत.

या तिसऱ्या मार्गात आणखी एक लाभ आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्वतःच्या कल्पनेने घडविलेल्या आकृतीवर जो हक्क निर्माण होतो, तो तिचा स्वतःचा असतो. उद्या पलीकडच्या गल्लीतील दुकानदाराने तिचा गुबगुबीत भीम जसाच्या तसा उचलला, तर ज्या कायद्याची तिला आज धास्ती वाटते, त्याच कायद्याचा आधार घेऊन ती त्याला थांबवू शकेल.