जुनी ‘बॉक्स्टर’ घेताना बेअरिंगकडे लक्ष हवे
पोर्शे कंपनीने १९९६ ते २००४ या काळात तयार केलेली पहिली ‘बॉक्स्टर’ युरोप-अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या बाजारात तुलनेने स्वस्तात मिळते. जोखीम मात्र तिच्या इंजिनात दडलेली असते. इंजिनातील मधल्या शाफ्टला आधार देणारे बेअरिंग तुटल्यास व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ बिघडतो व संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते. अशा वेळी दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहूनही अधिक होतो. मागील ऑइल सीलची गळती ही दुसरी नेहमीची तक्रार. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. त्याच वेळी बेअरिंग आणि सील बदलल्यास मजुरी वाचते. खरेदीपूर्वी ऑइल फिल्टर उघडून त्यात धातूचे कण आहेत का, हे तपासून घ्यावे.