इने : समुद्राकडे तोंड केलेले गाव

जपानच्या होन्शू बेटावर, क्योतो प्रांताच्या उत्तर टोकाला तांगो द्वीपकल्प जपानी समुद्रात घुसलेले आहे. त्याच्या पूर्वेच्या अंगाला एका लहानशा उपसागराभोवती इने हे मच्छीमारांचे गाव वसले आहे. क्योतो म्हटले की देवळे, बागा आणि जुनी राजधानी आठवते. त्याच प्रांतातला हा कोपरा मात्र पिढ्यान्‌पिढ्या मासळीवर जगत आला. इने, आसाझुमा, होंजो आणि त्सुत्सुकावा ही चार गावे १९५४ मध्ये एकत्र आली आणि आजचे इने नगर झाले. २०२०च्या जनगणनेत त्याची लोकवस्ती दोन हजारांच्याही खाली भरली. रेल्वे इथवर येत नाही. अमानोहाशिदाते स्थानकावर उतरून किनाऱ्याच्या रस्त्याने बसने तासभर यावे लागते.

इनेची ओळख म्हणजे तिथले ‘फुनाया’. ‘फुने’ म्हणजे होडी आणि ‘या’ म्हणजे घर. उपसागराच्या सुमारे पाच किलोमीटर काठावर असे जवळजवळ २३० फुनाया एकमेकांना खेटून उभे आहेत. लांबून पाहणाऱ्याला ती पाण्यात बांधलेली राहती घरे वाटतात. प्रत्यक्षात फुनाया हा मुळात होडीचा गोठा. माणसांचे राहते घर त्याच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी असते.

पाण्याला इतके चिकटून बांधकाम करणे इथे शक्य झाले ते जागेमुळे. जपानी समुद्राचा किनारा हिवाळ्यात वायव्येच्या वाऱ्यांनी झोडपला जातो. इनेचा उपसागर मात्र दक्षिणेकडे उघडतो आणि बाकीच्या तिन्ही बाजूंना डोंगर आहेत. तोंडाशी आओशिमा हे झाडीने भरलेले बेट आडवे पडले आहे, त्यावर बाहेरच्या लाटा फुटतात. दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. जपानी समुद्र अरुंद सामुद्रधुन्यांनीच बाहेरच्या सागरांशी जोडलेला असल्याने त्यात भरतीचे पाणी फारसे चढत नाही. इनेला भरती आणि ओहोटी यांतला फरक साधारण अर्ध्या मीटरचा. त्यामुळे उंबऱ्याशी पाणी असूनही घरात पाणी शिरण्याची धास्ती नसते आणि ओहोटीला होडी चिखलात रुतून बसत नाही.

फुनायाची रचना कामाच्या गरजेतून आली आहे. छपराचा त्रिकोणी दर्शनी भाग समुद्राकडे असतो. तळमजल्याची ती बाजू मोकळी आणि जमीन पाण्याकडे उतरती; होडी थेट आत ओढून घेता येते. लाकडी होडी सतत पाण्यात राहिली तर लाकूड कुजते, किडे ते पोखरतात. म्हणून काम संपले की ती कोरड्यात आणून वाळवावी लागे. खारे पाणी सोसणारे खांब ओक कुळातल्या ‘शिई’ झाडाचे, तर वरच्या तुळया पाइनच्या ओबडधोबड ओंडक्यांच्या. माडीवर पूर्वी नुसत्या फळ्या टाकलेल्या असत. जाळी, दोर आणि इतर सामान तिथे ठेवायचे, खालून येणाऱ्या वाऱ्यावर ओली जाळी सुकवायची. जुन्या फुनायांवर पेंढ्याची छपरे होती. कौले आणि राहण्याजोगी माडी पुढे, मासळीने हातात पैसा आणल्यावर आली.

फुनाया आणि राहते घर यांच्यामध्ये पूर्वी अंगण होते. शेजारी जायचे तर लोक एकमेकांच्या अंगणातून जात, नाहीतर सरळ होडी काढत. १९३१ ते १९४० या काळात गावातून मोटारीचा रस्ता काढला गेला. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जागाच नव्हती, म्हणून फुनाया पाण्याच्या बाजूला सरकवले आणि अंगणांच्या पट्ट्यातून रस्ता नेला. आजही एकाच कुटुंबाची दोन घरे रस्त्याच्या दोन अंगांना दिसतात. रस्त्याने चालणाऱ्याला फुनायाची पाठ तेवढी दिसते. गावाचे तोंड पाहायचे तर पाण्यातूनच पाहावे लागते.

या उपसागराने गावाला देवमासेही दिले. लहान माशांचा पाठलाग करत देवमासा आत शिरला की आओशिमाच्या बाजूची वाट जाळ्यांनी अडवून त्याला मारत. गावाच्या जुन्या वहीत १६५६ ते १९१३ या काळात मिळालेल्या ३५५ देवमाशांची नोंद आहे. मारलेल्या देवमाशांसाठी बांधलेल्या समाध्या आओशिमावर आहेत. याहून नेमाचे उत्पन्न ‘बुरी’ या माशाचे. हिवाळ्याच्या तोंडाशी चरबी धरलेला बुरी थव्याने किनाऱ्यालगत येतो. वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर नाव बदलत जाणारा हा मासा जपानमध्ये बढतीचे, म्हणून शुभाचे लक्षण मानतात. पूर्वी बुरी धरण्याचा हक्क ‘काबू’ म्हणजे वाट्याच्या रूपात ठरावीक घरांकडे असे. आता समुद्रात कायमची बांधून ठेवलेली मोठी जाळी असतात आणि पहाटे होड्यांचा ताफा जाऊन ती उपसतो.

घरापुरती मासळी मिळवण्याची रीत आणखी साधी आहे. ‘मोनदोरी’ नावाच्या पिंजऱ्यात माशांची डोकी आणि आतडी घालायची आणि तो दोरीने फुनायासमोर पाण्यात सोडायचा. सकाळी दोरी ओढली की आत शिरलेले मासे वर येतात. तिथेच पायरीवर बसून ते साफ करायचे आणि उरलेसुरले पुन्हा पिंजऱ्यात भरायचे.

तांगोकडे शरद ऋतूपासून हवा घडीघडीला पालटते. डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका, असे तिकडे म्हणतात. उन्हाळ्याचा सण मात्र पाण्यावरचा. जुलैच्या अखेरीस यासाका देवस्थानाचा उत्सव होतो. ज्या वर्षी मासळी भरपूर मिळते त्या वर्षी तो थाटाने करतात आणि होड्या एकत्र बांधून त्यांवर सजवलेले रथ उभारतात. काठावरच १७५४ पासून चालत आलेला साके गाळण्याचा कारखाना आहे. लाल तांदळापासून केलेली त्याची गुलाबी रंगाची ‘इने मानकाई’ देशभर माहीत आहे. होंजो भागात उराशिमाचे देऊळ आहे. समुद्राखालच्या राज्यात थोडे दिवस राहून परतलेल्या आणि गावात शेकडो वर्षे उलटून गेलेली पाहणाऱ्या या कोळ्याची कथा जपानमध्ये लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. ७२० साली पुऱ्या झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथातही तिचा उल्लेख असून ती तांगो भागातच घडल्याचे म्हटले आहे.

२००५ मध्ये जपान सरकारने इनेला पारंपरिक वास्तुसमूहांच्या महत्त्वाच्या संरक्षित क्षेत्रांत घेतले. असा दर्जा मिळालेले ते देशातले पहिले मच्छीमार गाव. ३१० हेक्टरांच्या या क्षेत्रात घरांबरोबर उपसागराचे पाणी, आओशिमा आणि मागचे डोंगरही येतात, कारण यांतले एक काढले तर फुनायाला अर्थ उरत नाही. दुरुस्तीला अनुदान मिळते, पण बाहेरचे रूप बदलायला परवानगी लागते.

हे संरक्षण आले तेव्हा फुनायाचे मूळ काम बरेचसे संपले होते. फायबरच्या होडीला वाळवावे लागत नाही, आणि इंजिन बसवलेल्या मोठ्या होड्या आत मावतही नाहीत; त्या बाहेरच बांधलेल्या असतात. रिकाम्या तळमजल्यांत जाळी, बर्फाच्या पेट्या आणि मासे धुण्याचे हौद आले. माड्यांवर मुलांच्या किंवा आजीआजोबांच्या खोल्या झाल्या. काही फुनाया पाहुण्यांच्या निवासाला दिले गेले. त्यांतले कित्येक एका वेळी एकाच कुटुंबाला किंवा गटाला घेतात. पर्यटकांमुळे मिळकतीची नवी वाट उघडली, तशी गैरसोयही आली. अरुंद रस्त्यावर गाड्यांची गर्दी होते आणि दार उघडे दिसले की कुणीतरी आत डोकावते. इनेला फाटक नाही, तिकीट नाही. प्रत्येक फुनाया कुणाच्या ना कुणाच्या मालकीचा आहे. तरुण माणसे शहराकडे जातात आणि रिकाम्या घरांची संख्या वाढते, तेव्हा खांब सरकारी मदतीने उभे राहू शकतात. पिंजरा सोडायला आणि पायरी धुवायला माणूस मात्र गावातच राहावा लागतो.