यंत्रांना मुभा आणि मज्जाव

कार्ल्याच्या लेण्यात सातवाहनकाळातील एक आज्ञालेख कोरलेला आहे. मावळच्या अमात्यास उद्देशून काढलेल्या त्या हुकमात करजक नावाचे गाव वलूरक, म्हणजे याच कार्ल्याच्या, लेण्यांतील भिक्षूंना दिल्याची नोंद असून, त्या गावात राजपुरुषांनी प्रवेश करू नये अशी सवलतही त्याच लेखात बहाल केली आहे. केवळ दान देऊन राजसत्तेचे समाधान झाले नाही. कोणास मज्जाव आहे, हेही अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडेल असे लिहून ठेवणे तिला अगत्याचे वाटले. लेखी मज्जावाची ही निकड आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी, पर्यटकांनी गजबजलेल्या निवासगृहांच्या संगणकजालातही तितकीच खरी आहे.

अशा निवासगृहातील बिलांचा संगणक, प्रिंटर, कॅमेरे आणि राऊटर यांच्या केबली ज्या पेटीत एकत्र येतात, ती पेटी म्हणजे स्विच. कोणत्या पोर्टवर कोणते यंत्र आहे, हे स्विच त्या यंत्राच्या हार्डवेअर-पत्त्यावरून, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवरून ओळखतो. हा पत्ता ४८ बिटांचा असतो व षोडशमान पद्धतीने तो १२ अंकाक्षरांत लिहितात. सामान्यतः त्यातील पहिली ६ आयईईई ही संस्था उत्पादकास नेमून देते आणि उरलेली ६ उत्पादक प्रत्येक यंत्रागणिक निराळी ठरवतो.

या पत्त्यांपैकी कोणास मुभा आणि कोणास मज्जाव, हे स्विचला ज्या यादीने सांगतात ती प्रवेशयादी. ती करावयाची म्हणजे प्रथम यादीस नाव द्यावयाचे, मग एकेका ओळीत अमुक पत्त्यावरून येणाऱ्या वाहतुकीस मुभा किंवा मनाई लिहावयाची आणि शेवटी ती यादी विशिष्ट पोर्टवर, आत येणाऱ्या दिशेने, लागू करावयाची. लेखनापेक्षा क्रमाला येथे अधिक महत्त्व आहे, कारण स्विच वरून खाली वाचत जातो आणि जी ओळ प्रथम जुळेल तिचाच निकाल अंतिम मानून पुढचे वाचणे सोडून देतो. ‘सर्वांस मुभा’ ही ओळ चुकून वर पडली, की तिच्याखालच्या साऱ्या मनाया व्यर्थ. याउलट, यादीच्या तळाशी न लिहिलेली एक ओळ बहुतेक स्विचांत गृहीतच असते: उरलेल्या सर्वांस मनाई. म्हणूनच फक्त बिलांच्या संगणकाचा पत्ता लिहून तीच यादी राऊटरच्या पोर्टवरही लावली, तर राऊटरचा स्वतःचा पत्ता तीत नसल्याने बाहेरून येणारी उत्तरे दारातच अडतात आणि सारे निवासगृह इंटरनेटविना राहते.

आणखी एक बारकावा असा की सिस्कोच्या कित्येक कॅटॅलिस्ट स्विचांवर मॅक-यादी आयपी सोडून अन्य वाहतुकीसच लागू होते. रोजचा बहुतेक व्यवहार आयपीचाच असल्याने, यादी अचूक लिहूनही अनोळखी लॅपटॉप खुशाल चालू राहतो. तेथे पोर्ट-सिक्युरिटी ही वेगळी सोय वापरावी लागते. तेव्हा आपल्या स्विचचे माहितीपुस्तक आधी वाचणे यात मला कमीपणा मुळीच वाटत नाही. केलेला बदल कायम स्मृतीत साठवणेही तितकेच आवश्यक, कारण सिस्कोसारख्या अनेक स्विचांत न साठवलेली यादी वीज गेल्याबरोबर नाहीशी होते, आणि मावळातल्या पावसात वीज जाणे ही काही अपूर्व घटना नव्हे.

या व्यवस्थेची खरी मर्यादा मात्र पत्त्यातच आहे. परवानगी असलेल्या यंत्राचा पत्ता दुसऱ्या यंत्रास आज्ञावलीद्वारे सहज धारण करता येतो, आणि स्विचला त्यातील तोतया ओळखता येत नाही. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल फोन खाजगीपणाच्या रक्षणार्थ वायफायवर आपला मूळ पत्ता न सांगता कृत्रिम पत्ता सांगतात. त्यामुळे पाहुण्यांच्या फोनची यादी ठेवण्याचा खटाटोप, माझ्या मते, करूच नये. त्यांच्यासाठी वेगळे व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर आखलेले स्वतंत्र आभासी जाळे, असावे. जागचे न हलणारे कॅमेरे, प्रिंटर आणि बिलांचा संगणक यांच्यासाठी ही यादी खरोखर उपयोगी आहे. आणि जेथे ओळख प्रमाणपत्राने पटवणे भाग आहे, तेथे ८०२.१एक्स ही पद्धत स्वीकारावी. कॅमेरा बदलला की नव्याचा पत्ता त्याच दिवशी यादीत चढवून जुन्याचा काढून टाकण्याचे काम मात्र एका नेमलेल्या माणसाकडे, लेखी दप्तरासह, सोपवलेले असले पाहिजे.